दोन ते चारची भुणभुण

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं. कारण ज्या एका माणसाने हे वाचता कामा नये, ते माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून राहतं आणि हाती येईल ते भिंग लावून वाचतं. मग लक्षात आलं, इमानिशी आजींच्या हाती जे येतं ते सगळं गल्लीच्या फळीवरून येतं. ती फळी आपली घरोघर फिरते, नोटिसा चिमट्यात अडकवून. आणि या वर्षी फळीवर काय लावायचं ते मी ठरवतो. ते कसं माझ्या गळ्यात पडलं ती फजिती पुढे येईलच.

तर, स्पीकर. क्योतोच्या उत्तरेला आमच्या गल्लीत नागामिने काकांचं केस कापायचं दुकान आहे. तीन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि खुर्च्यांकडे तोंड करून उभे असलेले दोन स्पीकर. माझ्या छातीपर्यंत येतील एवढे. अक्रोडाच्या लाकडाच्या पेट्या, आत कलिंगड आडवं मावेल एवढा कागदी कोन. माझ्या जन्माच्या तीस वर्षं आधीचे. काका केस कापताना त्यावर बासच्या तबकड्या लावायचे. बास म्हणजे ते माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचं तंतुवाद्य. तो एकटा वाजायला लागला की काका कात्रीचं बोट वर करायचे आणि हात थांबवायचे. मग डोकं अर्धं कापलेलं असो की पाऊण, गिऱ्हाईक तसंच बसायचं. मी स्वतः एकदा अकरा मिनिटं एका बाजूने सैनिक आणि एका बाजूने कवी असा बसलोय. तक्रार करायची इच्छा झाली नाही. आवाज असा यायचा की वाटायचं, वाजवणारा आपल्या मागे उभा आहे आणि आता आपली पाळी झाली की त्याची.

काका गेले त्याला दोन वर्षं होत आली होती. शेवटचे काही महिने त्यांना खोकला आणि स्पीकरला खरखर. दोघांचा घसा एकदमच बसला. त्यानंतर काकू जवळच्या उजी गावी बहिणीकडे राहायला गेल्या आणि दुकानात पाऊल टाकलं नाही.

मग काकांचा मुलगा रेइजी, माझा दोस्त, नागोयाहून फोन करतो. म्हणाला, दोन वर्षांचा विधी तीन आठवड्यांनी रविवारी आहे, दुकानातच करायचाय. आणि सोमवारी जुनं सामान उचलणारा माणूस येणार. स्पीकर, खुर्च्या, सगळं.

"आई म्हणते, मला ह्यांचा घसा बसलेला परत ऐकायचा नाही. साफ आवाज आला तर राहू दे, नाहीतर जाऊ दे."

मी म्हणालो, "आठवड्यात करतो."

आता मी हे कशाच्या जोरावर म्हणालो? मी सकाळी पाव भाजतो. बाकीचं मी चटके खाऊन शिकलोय. अकरा रेडिओ दुरुस्त केलेत, त्यातले नऊ बोलतात. दहावा फक्त हवामान सांगतो. पण रेइजीचा आवाज ऐकून मला नाही म्हणता आलं नाही, हे खरं. मी दुकानाच्या माळ्यावर पथारी टाकली आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

पहिला आजार दुसऱ्याच दिवशी सापडला. कोनाच्या मागे चुंबक असतं आणि त्याच्या बारीक फटीत तारेचं वेटोळं पुढेमागे हलतं. त्या फटीत केस होते. तीस वर्षं कात्रीखालून उडालेले, पिठासारखे बारीक केस. अर्धी गल्ली त्यात होती. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष कुझेकाका, ज्यांनी एका उन्हाळ्यात केस तपकिरी रंगवले होते आणि आजवर ते नाकबूल करतात, तेही होते, तपकिरी. मी चिकटपट्टीच्या बारीक कापट्या फटीत घालून दोन दिवस गल्ली साफ केली. खरखर गेली.

म्हणजे मी तसं समजलो. नीट तपासायचं तर आवाज मोठा करायला हवा, आणि आमच्याकडे आवाज करायच्या आधी माफी मागायची असते. मी लाडूच्या पाच पेट्या घेऊन पाच घरी गेलो. मग फळीवर लावायला नोटीस लिहिली. ती कुझेकाकांनी तीनदा परत लिहायला लावली. "आवाज" असं थेट लिहायचं नाही, "किंचित गैरसोय" लिहायचं. तारीख वर, वेळ खाली. दुपारी दोन ते चार. मग म्हणाले, इथे सहीऐवजी तुमच्या नावाचा शिक्का मारा. मी मारला. त्यांनी कागद निरखला, मान डोलावली आणि म्हणाले, अभिनंदन. मी मारला होता तो रकाना या वर्षीच्या गटप्रमुखाचा होता. मी म्हटलं चूक झाली, खोडतो. तर ते म्हणाले, खोडायला गटप्रमुखाची सही लागते. म्हणजे माझी. आणि गटप्रमुखाने स्वतःला खोडायची तरतूद नियमांत नाही.

असा मी फळीचा, आणि कावळ्यांनी उचकू नये म्हणून कचऱ्यावर टाकायच्या जाळीचा, मालक झालो.

लाडू दिले की परत काहीतरी येतंच. इमानिशी आजी वांग्याचं लोणचं घेऊन आल्या. वय एकोणऐंशी, उंची स्पीकरएवढी. लोणचं ठेवलं आणि स्पीकरसमोर उभ्या राहिल्या. पुढची जाळीदार कापडं फाटली होती, एका कोपऱ्यात तर लोंबत होती. आजींनी त्यावर वीत टेकवली. एक वीत, दोन वीत. मला वाटलं माया करतायत.

"कापड फार थकलंय हो," म्हणाल्या.

मी तज्ज्ञाच्या आवाजात समजावलं की आजी, कापडाचा आवाजाशी काही संबंध नसतो, मुख्य काम आतलं. त्या म्हणाल्या, असं का. आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी तबकडी लावली. दहा मिनिटं स्वर्ग. दोन वाजून दहा मिनिटांनी, बासच्या मागून, भुणभुण.

मी तबकडी काढली. भुणभुण चालूच. थोडी लांब, मग थांबली, मग परत.

इथून पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे. मी तारा बदलल्या. अॅम्प्लिफायरचे जुने कपॅसिटर बदलले. स्पीकरखाली नाणी ठेवली, नाणी काढून लाकडी ठोकळे ठेवले. भुणभुण रोज दोन वाजून दहा मिनिटांनी कामावर हजर, चारला सुट्टी. मी पाव भाजताना इतका वक्तशीर कधी नव्हतो.

गल्लीतून सल्ले यायला लागले. समोरच्याने सांगितलं, मीठ ठेवा कोपऱ्यात. ठेवलं. कोणी म्हणालं, जमिनीत अर्थिंगची सळई ठोका. ठोकली, ती कुझेकाकांच्या झाडांना पाणी देणाऱ्या नळीतून आरपार गेली. कारंजं उडालं. कुझेकाका छत्री घेऊन बाहेर आले, शांतपणे कारंज्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले की या बाजूला गारवा हवाच होता. मी आभार मानले. कुझेकाकू म्हणाल्या, हल्ली घरात मधमाश्या पाळल्यासारखं वाटतं, किती शांत वाटतं. मला भरून आलं. मी आवाज जरा वाढवला, त्यांना नीट ऐकू यावा म्हणून.

संध्याकाळी रेइजीला हे कौतुकाने सांगितलं. त्याने परत विचारलं.

"शांत वाटतं म्हणाल्या?"

"हो."

"अरे बैला, बंद कर म्हणाल्या त्या."

मी तोत्तोरीच्या बाजूचा. आमच्याकडे त्रास झाला तर माणूस येऊन त्रास झाला म्हणतो. क्योतोत सात वर्षं काढून मला वाटत होतं की मला हे येतं. त्या संध्याकाळी बसून मी मागची सात वर्षं आठवली. कोण कोण माझं काय काय कौतुक करून गेलं ते. जेवलो नाही.

मग खांब. हे बाहेरच्यांना खोटं वाटेल, पण गाण्यासाठी स्वतःच्या अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारणारी माणसं आमच्या देशात आहेत. शेजाऱ्यांच्या फ्रिजला स्पर्शही न केलेली ताजी वीज. मी वीज कंपनीत गेलो. खिडकीतल्या बाई इतक्या आदबीने बोलल्या की मला उगाच सुटाबुटात यायला हवं होतं असं वाटलं. कारणाच्या रकान्यात मी "भुणभुण" लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, क्षमा करा, आमच्या यादीत भुणभुण नाही, "गुणगुण" चालेल का? मी म्हटलं नाही, गुणगुण गोड असते. त्यांना ते पटलं. त्यांनी आत जाऊन वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठ बाहेर आले, त्यांनी मला तोंडाने करून दाखवायला सांगितलं. मी करून दाखवलं. मागे रांगेत सहा जण होते. शेवटी "इतर" ठरलं. पाच शेजाऱ्यांचं ना-हरकत पत्र आणा, मग चार महिने लागतील.

विधीला नऊ दिवस होते. तरी मी कुझेकाकांकडे गेलो. ते म्हणाले, खांब ना, लावा की, नाहीतरी एवढ्या उन्हाचं आम्ही करणार काय. या वेळी मला कळलं. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मग मला एक युक्ती सुचली. वेळ बदलून बघू. फळीवर नवी नोटीस लावली, संध्याकाळी पाच ते सात. पाच वाजून दहा मिनिटांनी भुणभुण. परत दोन ते चार केलं. दोन दहा. वेळ फक्त मला आणि फळीला माहीत होती. मी काकांच्या मधल्या खुर्चीपुढे हात जोडून म्हणालो, काका, माझं काही चुकलं असेल तर सांगा. रेइजीला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा असते तर भुणभुणले नसते, सरळ कानाखाली दिली असती.

पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एक नंबर लिहिलेला होता आणि नाव, उकाई. गिफूच्या डोंगरातला माणूस, काकांचे स्पीकर पूर्वी तोच बघायचा. वय चौऱ्याऐंशी. मी फोन करून सगळं सांगायला लागलो, कपॅसिटर, तारा, ठोकळे, आणि त्यांनी मला मध्येच तोडलं.

"ते राहू दे. आधी कोणता शब्द होता?"

"खरखर."

"आता?"

"भुणभुण."

"मग पहिला आजार तू बरा केलास. केस निघाले असतील. चांगलं केलंस. हा दुसरा आहे, आणि हा पाहुणा आहे. तबकडी नको, नुसता चालू कर आणि फोन धर स्पीकरला."

मी त्या "चांगलं केलंस"वर पुढचे दोन दिवस काढले हे आधी सांगून टाकतो. अकरा दिवसांत मला कोणी खरंखुरं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि जे म्हणाले होते त्यांचा अर्थ दुसरा होता.

दहा मिनिटं मी फोन धरून उभा. हात दुखायला लागला. मग पलीकडून खोकला आला.

"हे कोपरे वळतंय," उकाई म्हणाले. "नीट ऐक. लांब जातं, थांबतं. आखूड जातं, थांबतं. परत लांब. वीज अशी थांबून विचार करत नाही, माणूस करतो. माझी बायको चाळीस वर्षं पडदे शिवत होती. या आवाजावर मी जेवलोय. तुझ्या शेजारी कोण शिवतं?"

फोनवरून. दोनशे किलोमीटरवरून. आणि मी खांब उभारायला निघालो होतो.

मी बाजूच्या बोळात जाऊन आजींच्या भिंतीला कान लावला. आत जुनं मोटरचं शिलाई मशीन चालू होतं. लांब, थांब, आखूड, थांब. आमच्या ओळीतली घरं एकाच तारेवर लटकलेली. त्या मोटरची वीज आमच्या अॅम्प्लिफायरमध्ये येऊन गात होती.

रेइजीला फोन केला. मग त्याने सांगितलं. आजी म्हणजे अख्ख्या गल्लीची शिवणारी. शाळेचे गणवेश, पडदे, काकांचे पांढरे झगे, सगळं त्यांच्या हातचं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी कुझेकाका सहज म्हणाले, तुमचं मशीन काय हौसेने चालतं, आम्हाला घड्याळच लागत नाही. दुसऱ्या दिवशी आजींनी मशीनवर चादर टाकली. ती अकरा वर्षं उचलली नाही.

आणि मग मी नोटीस लावली. दोन ते चार किंचित गैरसोय. आजींनी भिंग लावून वाचलं आणि हिशोब केला, याचा आवाज तर होणारच आहे, त्याखाली माझा कोणाला कळणार. मी वेळ बदलली, त्यांनी बदलली. माझ्या आवाजाआड लपायला बिचाऱ्या माझ्यामागे धावत होत्या, आणि अख्ख्या गल्लीत त्या आवाजामागे लागलेला मी एकटा.

सांगावं कसं? मी मनातल्या मनात वीस वाक्यं तयार केली. कितीही गोड बोललो तरी संध्याकाळी मशीनवर चादर. न सांगावं तर रविवारी दोनला तबकडी लागणार, गल्लीला माहीत आहे, आजी दोन दहाला शिवायला बसणार, आणि काकू म्हणणार, गेला नाही घसा. सोमवारी टेम्पो.

हे मी रेइजीला अर्धा तास समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तिला बोलाव ना."

"कुठे?"

"रविवारी. इथे. इथे बसली तर तिथे कशी शिवेल?"

मी स्वतःला गटप्रमुख म्हणवत होतो.

रविवारी भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले. काकू आल्या, दारात जरा थबकल्या, आत येऊन मधल्या खुर्चीत बसल्या. एका बाजूला त्यांची बहीण. कुझेकाका उभे, कारण खुर्चीत बसलो तर केस कापायला आलोय असं वाटतं म्हणाले. दोन वाजले. आजी नाहीत. त्यांनी येते म्हटलं होतं, पण इथे येते म्हणण्याचे चार अर्थ होतात आणि त्यातले तीन नाही असे असतात. रेइजी हातात तबकडी घेऊन माझ्याकडे बघतोय. दोन पाच. मी फाटक्या कापडाला कान लावून बसलो. काकू म्हणाल्या, अरे लावा ना, मला ट्रेन आहे. दोन वाजून दहा मिनिटं झाली. स्पीकर चिडीचूप.

दार सरकलं. आजी. हातात गाठोडं.

उशीर झाला म्हणून त्यांनी सगळ्यांची वेगवेगळी माफी मागितली, शेवटची बाजू हाताने शिवावी लागली म्हणाल्या, आणि गाठ सोडली. आत कापड. गडद तपकिरी, विरळ विणीचं, कडा दुमडून शिवलेलं. दोन नग. दोन स्पीकरचे.

"कापडाचा आवाजाशी संबंध नसतो हे खरं," माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण पाहुण्यांसमोर फाटक्या कपड्यात कसे उभे राहतील हे. मोजमाप वितीनं घेतलंय, सांभाळून घ्या. आणि तुमच्याच वेळात बसत होते शिवायला. मशीनचा त्रास नाही ना झाला?"

"कसलं मशीन, आजी?" मी म्हणालो.

मी क्योतोत सात वर्षांत बोललेलं हे एकमेव चांगलं वाक्य. कुझेकाकांनीसुद्धा माझ्याकडे नव्याने पाहिलं.

मी आणि रेइजीने जुनी कापडं काढून नवी बसवली. केसाइतकाही फरक नाही. वितीचं माप. मी शिलाईवरून बोट फिरवलं. लांब, कोपरा. आखूड, कोपरा. लांब. दहा दिवस ज्याला शिव्या घातल्या ते माझ्या बोटाखाली होतं, सरळ, एक टाका वाकडा नाही.

रेइजीने सुई टेकवली. बास आला. मागे काहीच नाही, खरखर नाही, भुणभुण नाही, फक्त तो उंच माणूस आणि त्याची बोटं. तो एकटा वाजायला लागला तेव्हा कुझेकाका काहीतरी सांगायला वाकले, बहुतेक नळीबद्दल. काकूंनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. काका कात्रीचं करायचे तसं. कुझेकाका तसेच वाकलेले राहिले, अकरा मिनिटं.

तबकडी संपली. काकू डोळे उघडून म्हणाल्या, "मोकळा झाला ह्यांचा घसा." मग पर्समधून फोन काढून त्या सामानवाल्याला म्हणाल्या, उद्या नका येऊ. ट्रेन त्यांनी सोडून दिली.

सगळे निघताना आजी गाठोड्याचं फडकं घडी करत होत्या. घडी झाली, परत उघडली, परत घातली. म्हणाल्या, काम झालं म्हणजे आता तुमचे दोन ते चार संपले. मी हो म्हणणार होतो. त्यांचं लक्ष खुर्च्यांवर होतं. "यांच्या गाद्यांना खोळी घालाव्यात असं मनात होतं. राहू दे आता." आणि गेल्या.

रेइजीला सोडायला बसस्टॉपपर्यंत गेलो. बस वळणावर दिसली तेव्हा तो बोलला.

"ती तपासणी अजून किती दिवस चालेल रे?"

"जुने स्पीकर आहेत," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

"नीट सांग, सेइता."

मी म्हणालो, आजी शिवतायत तोवर फळीवर दोन ते चार राहील. खोळी झाल्या की पडदे निघतील, पडदे झाले की आणखी काही फाडू. दोन वाजता मी अॅम्प्लिफायर चालू करीन, तबकडी न लावता, आणि बसून ऐकीन. बस थांबली, दार उघडलं, तो चढला नाही.

"आणि गटप्रमुख वर्षभराचाच असतो. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही मी चुकीच्याच रकान्यात शिक्का मारीन," मी म्हणालो. "शब्द देतो."